बोलिंगचा स्कोअर नेमका कसा मोजतात? जास्त पिना पाडूनही आम्ही हरलो!

वेर्ण्याचा_स्टोअरकीपर | शनिवार, रात्री ११.२०

मंडळी, डोकं भणभणलंय म्हणून झोपायच्या आधी धागा काढतोय.

आज कंपनीतली आम्ही सगळी पणजीजवळच्या एका मॉलमधल्या बोलिंग ॲलीत गेलो होतो. पावसात समुद्रावर काही करता येत नाही, मग एचआरवाल्यांनी हा बेत काढला. श्रावण चालू, जेवण शिवराक. त्यामुळे पैज अशी ठरली की हरणाऱ्या खात्याने चवथ झाल्यावर सगळ्यांना कोंबड्याची शागुती घालायची. शेवटचा सामना आमच्या स्टोअर्समधल्या एका ताईंचा आणि क्वालिटीतल्या एका पोराचा. दोघांचे स्कोअर फोटोवरून उतरवून देतो. फुली म्हणजे स्ट्राइक, आडवी रेघ म्हणजे शून्य.

ताई: ९ –, ८ १, ९ –, ७ २, ८ १, ९ –, ८ १, ७ २, ९ –, ८ १. एकूण ९०.

पोरगा: ×, ×, ×, ४ ३, ६ २, ५ –, ७ १, ३ ४, ५ २, ६ १. एकूण १२०.

आता तुम्हीच मोजा. ताईंनी प्रत्येक वेळी दहातल्या नऊ पाडल्या, म्हणजे ९०. पोराच्या पडलेल्या पिना मी तीनदा मोजल्या, ७९ भरतात. वरचे ४१ कुठून आले? काउंटरवर विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, "सर, कंप्युटर करतो ते." हे काय उत्तर झालं?

फोंडेकर | शनिवार, रात्री ११.३४

कंप्युटर बरोबर आहे. कोंबडे बघून ठेवा.

म्हापशाची_माई | शनिवार, रात्री ११.४१

फोंडेकर, नीट सांगा की हो. मलाही हे कधी कळलेलं नाही. नातवंडांना घेऊन जाते तेव्हा स्ट्राइक पडला की स्क्रीनवर फुली येते, नाचणारं कार्टून येतं, पण गुणांचा चौकोन रिकामाच. मग दोन बॉलनंतर एकदम मोठा आकडा उगवतो. मला वाटायचं मशीन हळू आहे.

आकडेमोड | रविवार, सकाळी ७.०५

माई, त्या रिकाम्या चौकोनातच सगळं उत्तर आहे.

खेळ दहा फ्रेमचा. प्रत्येक फ्रेममध्ये दहा पिना आणि त्या पाडायला जास्तीत जास्त दोन बॉल. तीन शक्यता:

दोन बॉलनंतरही काही पिना उभ्या राहिल्या, तर ती ओपन फ्रेम. जेवढ्या पडल्या तेवढे गुण. हिशोब तिथेच मिटला.

दुसऱ्या बॉलला उरलेल्या सगळ्या पडल्या, तर स्पेअर. स्क्रीनवर तिरकी रेघ येते. गुण १०, अधिक पुढच्या एका बॉलला पडतील तेवढ्या पिना.

पहिल्याच बॉलला दहाही गेल्या, तर स्ट्राइक. गुण १०, अधिक पुढच्या दोन बॉलना पडतील तेवढ्या.

म्हणजे स्ट्राइक पडला त्या क्षणी त्याची किंमत ठरलेलीच नसते. वाण्याच्या वहीत उधारीची ओळ उघडी असावी, तसा तो चौकोन. पुढचे दोन बॉल पडले की रक्कम भरायची.

आता पोराचं कार्ड लावू.
पहिली फ्रेम: १० + १० + १० = ३०.
दुसरी: १० + १० + ४ = २४. बेरीज ५४.
तिसरी: १० + ४ + ३ = १७. बेरीज ७१.
पुढच्या सात फ्रेम सगळ्या ओपन: ७, ८, ५, ८, ७, ७, ७. म्हणजे ४९.
७१ आणि ४९, एकशेवीस.

पहिल्या फ्रेमला २० जादा, दुसरीला १४, तिसरीला ७. हेच तुमचे ४१. दुसऱ्या फ्रेममधला बॉल स्वतःच्या फ्रेममध्ये मोजला गेला आणि पहिलीच्या खात्यातही. तिसऱ्या फ्रेममधला बॉल तर तीन ठिकाणी मोजला गेला. ताईंच्या कार्डावर स्ट्राइक नाही, स्पेअरही नाही, त्यामुळे त्यांची प्रत्येक पिन एकदाच मोजली गेली.

वेर्ण्याचा_स्टोअरकीपर | रविवार, सकाळी ८.१२

म्हणजे त्याचं नशीब सुरुवातीला फळफळलं आणि पुढे तो गटरात, म्हणजे कडेच्या पन्हळीत, बॉल घालत बसला तरी जिंकला. हा कसला न्याय?

आकडेमोड | रविवार, सकाळी ८.३०

आणखी एक गंमत बघा. त्याच पोराचे तेच तीन स्ट्राइक आणि त्याच सात ओपन फ्रेम. फक्त स्ट्राइक सलग न येता पहिल्या, चौथ्या आणि सातव्या फ्रेमला आले असते तर?

×, ४ ३, ६ २, ×, ५ –, ७ १, ×, ३ ४, ५ २, ६ १.

स्ट्राइकचे गुण १७, १५ आणि १७. म्हणजे ४९. बाकीचे ४९. एकूण ९८. पिना त्याच ७९, पण गुण २२ नी कमी. या खेळात किती पाडल्या याइतकंच कधी पाडल्या यालाही महत्त्व आहे. सलग तीन स्ट्राइकना टर्की म्हणतात, स्क्रीनवर कोंबड्यासारखा पक्षी नाचतो तो त्याचाच.

तारवटी_काका | रविवार, सकाळी ११.१५

देवळातून आत्ताच आलो. जहाज सोडल्यावर आखातात नोकरीला होतो, तिथे शुक्रवारी सकाळी लीग खेळायचो. तेव्हा मशीन नसलेल्या लेनवर कागदावर पेन्सिलीने स्कोअर लिहिलाय. एकदा हाताने लिहा, जन्मात विसरणार नाही.

स्टोअरकीपरबाब, तुम्ही स्ट्राइकच्या मागे लागलात म्हणून राग येतोय. ताईंच्या कार्डात चार वेळा "९ –" आहे. पहिली, तिसरी, सहावी, नववी फ्रेम. नऊ पाडल्या आणि उरलेली एक चुकवली. त्या चार फ्रेममधली ती एकेक पिन पाडली असती, फक्त चार पिना, तर काय झालं असतं?

पहिली: १० + ८ = १८. तिसरी: १० + ७ = १७. सहावी: १० + ८ = १८. नववी: १० + ८ = १८. चारही फ्रेमचे मिळून ३६ होते ते ७१ झाले. ९० चे १२५. पोराला पाच गुणांनी हरवलं असतं, एकही स्ट्राइक न टाकता.

स्ट्राइकला टाळ्या मिळतात, पण सामने स्पेअरवर जिंकतात. आमच्या लीगमध्ये दहा फ्रेममध्ये एकदोनच स्ट्राइक टाकणारे म्हातारे होते, पण ओपन फ्रेम सोडायचे नाहीत. तरणेताठे त्यांच्याकडून हरायचे आणि लेनला शिव्या द्यायचे.

म्हापशाची_माई | रविवार, सकाळी ११.४०

काका, पण ती एकटी उरलेली पिनच तर पडत नाही! दहा पिनांच्या घोळक्यात बॉल टाकला की काही ना काही पडतंच.

वेर्ण्याचा_स्टोअरकीपर | रविवार, दुपारी १२.०२

हो ना. ताईंची बहुतेक वेळा उजव्या कोपऱ्यातली शेवटची उरायची. बॉल तिच्या अंगाला लागेलसा वाटायचा आणि ऐन वेळी गटरात.

तारवटी_काका | रविवार, दुपारी १२.५०

ती दहा नंबरची पिन. पिनांना नंबर असतात. सगळ्यात पुढची एक, तिच्या मागे डावीकडून दोन-तीन, मग चार-पाच-सहा, शेवटच्या रांगेत सात ते दहा. उजव्या हाताने खेळणाऱ्याला दहा नंबर म्हणजे कायमची डोकेदुखी.

बॉलची रुंदी साधारण साडेआठ इंच, पिन पोटाशी पावणेपाच इंच. मधल्या पिनेला बॉलचा मध्य दोन्हीकडे सहा-साडेसहा इंच हुकला तरी कुठे ना कुठे स्पर्श होतोच. कोपऱ्यातल्या पिनेच्या एका बाजूला गटर, म्हणून अर्धी सवलत गेली. त्यात लोक काय करतात, पिन उजवीकडे म्हणून स्वतःही उजवीकडे उभे राहतात आणि गटराच्या काठाकाठाने बॉल सोडतात. उलट करायचं. डावीकडे जाऊन उभं राहायचं, तोंड आणि खांदे त्या पिनेकडे वळवायचे आणि बॉल लेनच्या मधून तिरका न्यायचा. सात नंबर उरली तर याच्या उलट, उजवीकडून तिरका.

आणि पिनेकडे बघत बॉल सोडू नका. फाऊल लाइनपासून, म्हणजे जिच्या अलीकडून बॉल सोडायचा त्या रेषेपासून, पहिली पिन ६० फुटांवर आहे. एवढ्या लांबचा नेम नवख्याला साधत नाही. लाइनच्या पुढे साधारण पंधरा फुटांवर लेनवर सात बाण कोरलेले दिसतील. ते शोभेचे नाहीत. लेनच्या ३९ पट्ट्या, दर पाचव्या पट्टीवर एक बाण. नजर बाणावर ठेवायची आणि बॉल बाणावरून न्यायचा. दहा नंबरसाठी मधल्या बाणावरून सुरुवात करून बघा. सरळ बॉल टाका, मनगट फिरवू नका. टीव्हीवर बघून बॉल वळवायला जाणारे सगळे तिथेच फसतात.

फोंडेकर | रविवार, दुपारी ३.१०

काका, तुमचं स्पेअरचं पटलं. पण मला मुळात ही जुनी पद्धतच डोकेदुखी वाटते. प्रेक्षकाला खेळ बघताना कोण पुढे आहे हे कळतच नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय पातळीवर दुसरी सोपी पद्धत आली. तिच्यात स्ट्राइकला सरळ ३० गुण, पुढे काय पडलं याची वाट बघायची नाही. स्पेअरला १० अधिक त्याच फ्रेमच्या पहिल्या बॉलच्या पिना. ओपनला पडतील तेवढ्या. दहाव्या फ्रेमला जादा बॉल नाही. हिशोब जागच्या जागी.

आकडेमोड | रविवार, दुपारी ३.२५

मग त्या पद्धतीने पोराचं कार्ड मोजा. तीन स्ट्राइकचे ९०, बाकीचे ४९, एकूण १३९. ताई जिथल्या तिथे ९०. स्टोअरकीपरना ही पद्धत अजून महाग पडली असती. :)

शिवाय तिच्यात स्ट्राइक सलग आले काय, लांब लांब आले काय, १३९ च. मला हे आवडत नाही. स्ट्राइकनंतर पुढच्या दोन बॉलना हात का थरथरतो? कारण आधीच्या स्ट्राइकची किंमत त्यांच्यावर टांगलेली असते. ते काढून टाकलं तर उरतं काय? नेमबाजी.

फोंडेकर | रविवार, दुपारी ३.४१

नेमबाजीला नावं ठेवू नका, ऑलिंपिकमध्ये आहे. बोलिंग १९८८ ला सोलमध्ये प्रदर्शनापुरतं खेळलं गेलं आणि तिथेच राहिलं. प्रेक्षकाला स्कोअर समजत नाही, हेही त्यामागे असणार असं माझं मत. आशियाई खेळांत मात्र १९७८ ला बँकॉकमध्ये पहिल्यांदा आलं.

आकडेमोड | रविवार, दुपारी ३.५०

मत तुमचं, आकडे माझे.

पेडण्याची_पोर | रविवार, संध्याकाळी ६.२०

मी कॉलेजच्या ग्रुपबरोबर जाते. आमचं भांडण दहाव्या फ्रेमवरून होतं. तिथे तीन बॉल कसे काय मिळतात? आणि मैत्रिणीला तीन स्ट्राइक पडले तर ३० च धरले. तिचं म्हणणं, पहिल्याचे ३०, दुसऱ्याचे अजून काहीतरी, असे जास्त हवेत.

आकडेमोड | रविवार, संध्याकाळी ६.४५

दहाव्या फ्रेमनंतर पुढची फ्रेम नाही, मग स्ट्राइक-स्पेअरचे जादा गुण भरायला बॉल आणणार कुठून? म्हणून तिथेच देतात. दहाव्या फ्रेमला स्ट्राइक पडला तर जादा दोन बॉल, स्पेअर झाला तर एक. दोन्ही नाही तर काही नाही, दोन बॉलवर खेळ संपला. हे जादा बॉल फक्त ती उघडी राहिलेली रक्कम भरण्यापुरते. त्यांच्यावर पडलेल्या स्ट्राइकना स्वतःचे वेगळे जादा गुण नसतात. म्हणून तीन स्ट्राइक म्हणजे १० + १० + १० = ३०, बस्स.

मात्र नवव्या फ्रेमलाही तिचा स्ट्राइक असेल, तर दहाव्याचे पहिले दोन बॉल नवव्याच्या खात्यातही जातात. कदाचित भांडण तिथे झालं असेल.

सगळ्यात मोठा स्कोअर ३०० यामुळेच. दहा फ्रेम गुणिले ३०. त्यासाठी सलग बारा स्ट्राइक लागतात, दहा फ्रेमचे दहा आणि जादाचे दोन. आणि एक स्ट्राइक, एक स्पेअर असं शेवटपर्यंत आलटून पालटून पडलं तर बरोबर २०० होतात, कारण प्रत्येक फ्रेम २० ची. स्पेअर कितीचा होता, याने काही फरक पडत नाही. करून बघा.

पेडण्याची_पोर | रविवार, संध्याकाळी ७.०२

धन्यवाद! ग्रुपवर टाकला तुमचा प्रतिसाद. तिचा नवव्याला स्ट्राइक नव्हता, म्हणजे मी जिंकले.

गोड्या_पाण्याचा_मासा | रविवार, संध्याकाळी ७.३०

माझा बॉल एकदा गटरात गेला, तिथून उसळून बाहेर आला आणि दोन पिना पाडल्या. स्क्रीनने दोन गुण दिले. नियमाने मिळतात की नाही?

फोंडेकर | रविवार, संध्याकाळी ७.३८

पडल्या तर पडल्या. मशीनने दिले म्हणजे दिले.

तारवटी_काका | रविवार, रात्री ८.१५

नाही रे बाबा. पिनांपर्यंत पोचायच्या आधी बॉल गटरात गेला की त्या बॉलचे शून्य. उसळून काहीही पाडो. मागच्या गादीवर आपटून परत आलेल्या बॉलने पाडलेल्याही चालत नाहीत. पण एक पिन बाजूच्या भिंतीवर आपटून परत आली आणि तिने दुसरी पाडली, तर ती चालते. डोलून डोलून उभी राहिलेली पिन उभीच धरतात, आपण कितीही फुंकर घातली तरी. पिना उचलणाऱ्या मशीनच्या धक्क्याने पडलेली तर अजिबात धरायची नाही.

फाऊलचंही सांगतो, कारण आपल्याकडे कोणी पाळत नाही. बॉल सोडताना किंवा सोडल्यावर शरीराचा कुठलाही भाग काळ्या रेषेवर किंवा पलीकडे टेकला की फाऊल. त्या बॉलच्या पिना शून्य, पण बॉल खर्ची पडला. पहिल्या बॉलला फाऊल झाला तर दहाही पिना पुन्हा उभ्या करतात. मग दुसऱ्या बॉलला सगळ्या पाडल्या तर तो स्पेअर, स्ट्राइक नव्हे. बऱ्याच मॉलमध्ये फाऊलचा दिवाच बंद ठेवतात. पोरं रेषा ओलांडून दोन पावलं पुढे जातात आणि तिथून बॉल टाकतात. गुणांचं सोडा, लेनच्या पुढच्या भागावर तेल फासलेलं असतं, पाय गेला की थेट पाठीवर.

म्हापशाची_माई | रविवार, रात्री ८.४०

काका, पायांवरून आठवलं. गेल्या पावसात माझी सून तिथे तोंडावर पडता पडता वाचली. भाड्याचे बूट घालून बाहेर छत्री आणायला गेली, परत येऊन बॉल टाकायला धावली आणि पाय जागीच चिकटला.

तारवटी_काका | रविवार, रात्री ९.०५

बरोबर. लोकांना वाटतं ओल्या तळव्याने घसरायला होतं. बोलिंगच्या बुटात उलट. शेवटच्या पावलाला पाय थोडा सरकायला हवा, म्हणून तळवा गुळगुळीत असतो. तो ओला झाला की ॲप्रोचवर, म्हणजे रेषेअलीकडे पावलं टाकायच्या जागेवर, चिकटतो, पाय थांबतो, अंग पुढे जातं. आपल्या गोव्यात चार महिने हे भय. बूट घालून टॉयलेटला किंवा बाहेर जायचं नाही, कोल्ड्रिंकचे ग्लास ॲप्रोचवर न्यायचे नाहीत. खेळायच्या आधी तळव्यावरून हात फिरवायचा. गार लागला तर कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर बूट बदलून मागा. द्यावेच लागतात.

गोड्या_पाण्याचा_मासा | सोमवार, सकाळी ९.५०

काका, ते दोन गुण परत करायला कुठे जाऊ? :)

अजून एक. काल भाचीचा पहिला बॉल, एक पिन स्पष्ट उभी, आणि स्क्रीनवर फुली.

आकडेमोड | सोमवार, सकाळी १०.३०

दोन कारणं असू शकतात. पिना बहुतेक ठिकाणी कॅमेऱ्याने मोजतात, तो क्वचित चुकतो. काउंटरवरून स्कोअर दुरुस्त करता येतो, लगेच सांगायचं. पुढच्या फ्रेमचा बॉल टाकल्यावर कोणाला पटवणार? दुसरं, काही ठिकाणी नऊ पिनांनाही स्ट्राइक धरायची सेटिंग चालू असते. वाढदिवसाच्या पार्ट्यांना ठेवतात, सगळे खूश. पैज असेल तर खेळ सुरू करायच्या आधी ती बंद आहे का विचारा. मुलांसाठी गटरावर येणारे कठडेही तसेच. कठडे लावून काढलेल्या स्कोअरची बढाई मारू नये.

वेर्ण्याचा_स्टोअरकीपर | सोमवार, दुपारी १.१५

डबा खाता खाता सगळं ताईंना वाचून दाखवलं. चार पिनांचा हिशोब ऐकून त्या गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, "परत लाव सामना." क्वालिटीवाले तयार आहेत. पण आमच्यातले बाकीचे अगदीच नवखे. बरोबरीचा खेळ होईल अशी काही सोय आहे का?

तारवटी_काका | सोमवार, दुपारी २.४०

हँडिकॅप लावा. एक आकडा धरायचा, समजा २००. खेळाडूची सरासरी त्यातून वजा करायची आणि जे उरेल त्याचे ८० टक्के त्याला आधीच द्यायचे. ९० सरासरीवाल्याला ११० चे ८० टक्के, ८८. १२० वाल्याला ८० चे, ६४. धरायचा आकडा आणि टक्के प्रत्येक लीगचे वेगळे, तुम्ही आपसात ठरवा. १०० टक्के देऊ नका, चांगलं खेळणाऱ्याला थोडा फायदा राहिलाच पाहिजे.

फक्त सरासरी एका खेळावरून काढू नका. निदान तीनचार खेळांची धरा. आणि ते खेळ चालू असताना कोणीतरी तिथे हजर राहा. हँडिकॅप वाढावा म्हणून सरावाला मुद्दाम गटरात बॉल घालणारे महाभाग आमच्या लीगमध्येही होते, आणि ते दिसायला सगळ्यात साधे होते.

फोंडेकर | सोमवार, दुपारी २.४४

स्टोअरकीपर, क्वालिटीच्या त्या पोरावर लक्ष ठेवा. तीन स्ट्राइकनंतर सलग सात ओपन फ्रेम मला काही पटत नाहीत.